आंबिवलीची शेगडी निघाली समुद्रावर

मैत्रिणींनो, पंपाचा स्टोव्ह आठवतो का तुम्हाला? पितळेची गोल टाकी, तीन पाय, वर बर्नर आणि बर्नरच्या गळ्याशी एवढीशी वाटी. त्या वाटीत स्पिरिट ओतायचं, काडी लावायची, ते जळत आलं की पंप मारायचा. बर्नर पुरता तापला असेल तर निळी ज्योत फुर्र करून उठायची. पुरेसा तापला नसेल तर मात्र रॉकेल तसंच ओलं वर यायचं आणि हातभर भडका! तुमच्या पिढीनं हे पाहिलं नसेल, तर सासूबाईंना विचारा. एखादी तरी भुवई जळाल्याची आठवण प्रत्येकीच्या पोतडीत निघेल. स्वीडनमधल्या एका कारागिरानं १८९२ साली हा स्टोव्ह काढला, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं आपल्या चाळींतून सकाळी त्याचाच आवाज येत राहिला.

आता कल्पना करा, की असाच पंपाचा स्टोव्ह आहे, फक्त टाकीत रॉकेलऐवजी स्पिरिटच भरलेलं आहे. आणि तो ठेवलाय कुठे? शिडाच्या होडीत! आपल्या देवघराएवढ्या जागेत, डोक्यावर लाकडी छत, बाजूला पडदे, आणि खालची जमीन सारखी हलतेय. अशा ठिकाणी काडी ओढायची! कुणी करील का? पण लोकांनी केलं, वर्षानुवर्षं केलं. तो स्टोव्ह एका होडीतून बाहेर काढायचा आणि नवी शेगडी बसवायची, एवढ्याच कामासाठी आम्ही आंबिवलीहून थेट गेट वे ऑफ इंडियापर्यंत गेलो. त्या प्रवासाची ही हकीगत.

आंबिवली कुठे, असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. टिटवाळ्याच्या गणपतीला तुम्ही गेला असाल ना? मग गाडीतून आमच्या अंगावरूनच गेलात! कल्याण सोडलं, की शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. मंगळवारी अंगारकी असली म्हणजे आमच्या स्टेशनात दारापर्यंत चेंगरलेल्या बायका हातातले नारळ सांभाळत आमच्याकडे पाहतात, आम्ही त्यांच्याकडे पाहतो, आणि गाडी सुटते. आंबिवलीत उतरायचं कारण सहसा कुणाला नसतं.

एके काळी होतं. स्टेशनपासून जवळच मोहन्याला नॅशनल रेयॉनचा, म्हणजे आमच्या भाषेत ‘एनआरसी’चा, मोठा कारखाना होता. १९४० च्या दशकात उभा राहिला, रेयॉनचं सूत काढू लागला, आणि त्याच्याभोवती कॉलनी, शाळा, दुकानं, सगळं गाव वाढलं. पाळीच्या भोंग्यावर आमच्या आयांनी भाताला आधण ठेवलेलं आहे. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं सूत; ते काढताना जी रसायनं लागतात त्यांचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाहुणे नाकाला पदर लावत, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. २००९ साली कारखाना बंद पडला. कामगारांची देणी वर्षानुवर्षं अडकून पडली. त्या काळात घराघरांतून बायकांनी शिवणयंत्रं, पोळीभाजीचे डबे, शिकवण्या यांवर संसार ओढले. ते सांगायला बसलं तर निराळा लेख होईल. आज फक्त एवढंच लक्षात ठेवा, की या गावात हातात कसब असलेले पण कामाविना बसलेले पुष्कळ फिटर, वेल्डर आहेत. पुढे त्यातले एक काका आपल्या गोष्टीत येणार आहेत.

आणि नदी! आमच्या आंबिवली-मोहन्याजवळून उल्हास वाहते. खंडाळ्याच्या डोंगरातून निघते, कर्जत-बदलापूर करत आमच्यापर्यंत येते. मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी. कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत नळाला येतं ते इथलंच. खाली कल्याणपाशी तिची खाडी होते, भरतीचं खारं पाणी आत येतं, आणि पुढे ठाण्यावरून वळसा घेत ती वसईला समुद्रात शिरते. म्हणजे बघा, आमच्या घाटावरून सोडलेलं केळीचं पान पुरेसा धीर धरील तर समुद्राला लागेल. कल्याण हे तर दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत आपली गलबतं बांधायला सुरुवात केली. दुर्गाडीवर देवीच्या दर्शनाला जाता तेव्हा मागे वळून खाडीकडे जरूर बघा.

त्या जुन्या गलबतांवर स्वयंपाक कसा व्हायचा, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात कधी दिसत नाही. पुस्तकं पुरुषांनी लिहिलेली, दुसरं काय! शिडाच्या लाकडी जहाजांवरची सर्वसाधारण रीत अशी, की एका पेटीत माती किंवा वाळू घालायची, तिच्यावर चूल मांडायची, आणि ती उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवायची. वारा फार झाला तर चूल पेटवायचीच नाही, कोरडं खाऊन राहायचं. खलाशांच्या भाषेत जहाजावरच्या स्वयंपाक्याला ‘भंडारी’ म्हणत. ही वाळूची पेटी तेवढी ध्यानात ठेवा, तिच्यात मोठं शहाणपण आहे. विस्तव उघड्यावर, खाली न जळणारी वस्तू, आणि सांडलं तर बाहेर सांडेल.

तर माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा व्यापारी जहाजांवर नोकरीला आहे. मोठ्या जहाजावर सहा महिने काढून आला तरी त्याचं पोट भरत नाही. दोन मित्रांबरोबर वर्गणी करून त्यानं एक जुनी शिडाची होडी घेतली. तीस फुटी, फायबरग्लासची, परदेशात बांधलेली, १९७० च्या दशकातली. गेट वेच्या समोर मुंबई बंदरात ती नांगरलेली असते. हिवाळ्यात मांडव्याला, अलिबागकडे जायचं, एखादी रात्र होडीतच काढायची, असा त्याचा बेत. भाचेसून म्हणाली, “येईन, मुलांनाही आणीन. पण आधी मला तुमचं स्वयंपाकघर बघू द्या.” बघून आली ती थेट माझ्याकडे आंबिवलीला. म्हणाली, “मामी, तो स्टोव्ह होडीत असेपर्यंत माझी मुलं तिथे पाय ठेवणार नाहीत. तुम्ही भाच्याला सांगा.” पोरीचं मला कौतुक वाटलं.

आता तो स्टोव्ह काय होता ते सांगते. दोन बर्नर, बाजूला स्पिरिटची टाकी, टाकीला हातपंप. पेटवायची पद्धत अगदी आपल्या पितळी स्टोव्हची: वाटीत थोडं स्पिरिट सोडा, पेटवा, बर्नर तापू द्या, मग चावी उघडा. फरक एवढाच, की इथे वाटीतही स्पिरिट आणि टाकीतही स्पिरिट. बर्नर नीट तापला नाही, तर पंपाच्या दाबानं ओलं स्पिरिट पिचकारीसारखं येतं आणि पेटतं. त्यात एक छुपी गोष्ट आहे. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते. दिवसा उजेडात दिसतच नाही. तुम्हाला वाटतं विझलं, म्हणून तुम्ही बाटली उचलून पुन्हा ओतायला जाता, आणि ज्योत बाटलीकडे धावते.

मग असला स्टोव्ह होडीत आला तरी का? कारण ऐका, ते अगदीच वेडगळ नाही. स्पिरिट पाण्यात विरघळतं. रॉकेल-पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत राहतं. स्पिरिटमध्ये भरपूर पाणी मिसळलं की ते विझतं. समुद्रात पाण्याला काय तोटा, म्हणून अमेरिकेतल्या शेकडो होड्यांत तेव्हा हेच स्टोव्ह बसवले गेले. कागदावर बरोबर आहे. पण भडक्यावर घाबरून तांब्याभर पाणी फेकलं तर काय होतं? विरळ होऊन विझण्याआधी जळतं स्पिरिट त्या पाण्याबरोबर ओट्यावरून पसरतं, पडद्यापर्यंत पोचतं. शिवाय त्याला जोर कमी. वजनाला वजन घेतलं, तर रॉकेल किंवा गॅसच्या मानानं स्पिरिटमध्ये जेमतेम साठ टक्के उष्णता. चहाचं आधण येईपर्यंत माणूस कंटाळतो. आणि कंटाळलेली बाई काय करते? पंप जास्त मारते.

भाच्याचं म्हणणं, “मामी, चाळीस वर्षं चाललाय तो. काळजी घेतली की काही होत नाही.” हे वाक्य आपण बायकांनी किती वेळा ऐकलंय! जुन्या पेपरांत आठवड्याआड चौकट यायची, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्यातले काही भडके खरेच स्टोव्हचे होते. काही नव्हते, आणि तेही आपल्याला ठाऊक होतं. म्हणून तर १९८३ साली आणि पुन्हा १९८६ साली छळाचे, हुंडाबळीचे कायदे करावे लागले. पण खऱ्या अपघातांतही एक गोष्ट कायम असायची: स्टोव्ह विकत आणणारा एक आणि त्याच्यापुढे बसणारी दुसरी. बसणारीनं तक्रार केली तर तिला काळजी घ्यायला सांगायचं. मी भाच्याला म्हटलं, “तू एक रविवार त्याच्यावर कुकर लाव. हलत्या होडीत, दोन्ही मुलं आजूबाजूला ठेवून. मग बोलू.” तो हसला, पण दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन आला.

आता नवं काय घ्यायचं? तुम्हाला वाटेल, त्यात काय, गॅस घ्या! थांबा. आमच्या वाड्यात चांगले तीन रविवार यावर खल झाला.

पहिला विचार बिनपंपाच्या स्पिरिट शेगडीचा. तिच्यात टाकीला दाबच नसतो. डब्यात कापसासारखं भरण असतं, ते स्पिरिट धरून ठेवतं, डबा आडवा झाला तरी भळकन सांडत नाही. स्वीडनची ‘ओरिगो’ यासाठी नावाजलेली होती. पण ती बनवणं आता बंद झालंय, जुनी शोधत हिंडावं लागतं. स्पिरिटही आपल्याकडे सहज मिळणारी वस्तू नव्हे. रंगाच्या दुकानात बाटलीभर मिळेल. जास्त हवं तर उत्पादन शुल्क खात्याचे नियम आडवे येतात. त्यात विष मिसळलेलं असतं, मुलांच्या हाती लागलं तर पंचाईत.

आणि तरीसुद्धा सांगते, स्पिरिटला सरसकट नावं ठेवू नका. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात खेड्यातल्या बायकांसाठी अशी शेगडी केली, की ती निम्मं पाणी मिसळलेल्या मद्यार्कावर चालते. पाणी असल्यामुळे भडक्याची भीती कमी. गोड ज्वारीपासून मद्यार्क काढायचा आणि धूर गिळणाऱ्या बायकांची सुटका करायची, असा तो विचार. दारूविषयीचे कडक कायदे आडवे आले नसते तर तुमच्या-माझ्या माहेरी आज ती शेगडी दिसली असती, कोण जाणे.

रॉकेल तर लगेच बाद झालं. जुने दर्यावर्दी अजून त्याची आठवण काढतात, पण रॉकेल आणायचं कुठून? आणि तिथेही पेटवायला पुन्हा स्पिरिटची वाटी आलीच.

विजेची शेगडी सूनबाईला आवडली होती. ज्योतच नाही, म्हणजे भीती नाही. पण होडीत वीज बॅटरीची. आपल्या घरची दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची म्हणजे दीडशेहून जास्त अँपिअर खेचले जातात. अंगठ्याएवढ्या जाड तारा हव्यात, महागड्या बॅटऱ्या हव्यात. लिटरभर पाणी उकळायला तसे युनिटचा दहावा भागच लागतो, म्हणजे चहापुरतं ठीक. पण वरण, भात, पुन्हा संध्याकाळी दूध… आणि रात्री दिवे नकोत का? मोठ्या होड्यांतून हे होऊ लागलंय. आमच्या खिशाला ते झेपणारं नव्हतं.

राहिला गॅस. मैत्रिणींनो, हा परिच्छेद जरा सावकाश वाचा, कारण इथे होडी आणि तुमचं स्वयंपाकघर एकच आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. गळला तर वर जात नाही, खाली बसतो, पाण्यासारखा. घरात निदान तो दाराच्या फटीतून बाहेर पडू शकतो. होडी म्हणजे मोठं पातेलं; तिच्या तळाला भोक नसतं, नसावंच! गळलेला गॅस त्या पातेल्यात साठतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणी इंजिनाचं बटण दाबलं की होडीचे तुकडे उडतात. अशा गोष्टी घडलेल्या आहेत. म्हणून होडीत सिलिंडर आत ठेवत नाहीत. मागच्या बाजूला, उघड्यावर, त्याच्यासाठी निराळी बंद पेटी करतात. पेटी वरून उघडते आणि तिच्या तळाला नळी असते, ती पाण्याच्या पातळीच्या वर बाहेर समुद्रात उघडते. गळलं तर बाहेर. बघा, गलबतावरची वाळूची पेटी आठवली की नाही?

शेगडीही साधी चालत नाही. बोटीसाठी केलेल्या शेगडीत प्रत्येक बर्नरजवळ एक बारीक दांडी असते. ज्योत वाऱ्यानं विझली आणि दांडी गार झाली की गॅस आपोआप बंद होतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती शेगड्यांत ही सोय नसते. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. पुढच्या वेळी शेगडी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला हे विचारा. रंग आणि काच मागाहून बघा.

आणि गॅसचा वास येतो ना, तो मुळात त्याला नसतोच. आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम घातलेला असतो. आमच्या आंबिवलीकरांच्या नाकाला असल्या वासाची जन्माची सवय, म्हणून मी सूनबाईला म्हटलं, नाकावर भिस्त नको, गळती सांगणारं यंत्र बसव. ते बसवलं होडीच्या अगदी तळाशी. तुम्ही घरी बसवणार असाल तर सिलिंडरसाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर. पण पाइपचा गॅस असेल तर छताजवळ. तो गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरच्या गॅसचा वास आलाच, तर दिव्याचं बटण खाली नको आणि वर नको, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ या नंबरला फोन.

ठरलं. बोटीची दोन बर्नरची शेगडी भाच्यानं मुंबईत एकाकडून वापरलेली पण चांगल्या स्थितीतली मिळवली. आंबिवलीत ती आली तेव्हा लक्षात आलं, की जुन्या स्टोव्हची जागा निराळी, हिची निराळी. होडीतली शेगडी ओट्यावर ठेवलेली नसते. दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर ती पाळण्यासारखी टांगलेली असते. होडी डावीकडे कलली तरी शेगडी सपाट राहते. जुन्या खुंट्या हिला बसेनात. मग आमचे फिटरकाका आले. एनआरसीत तीस वर्षं काढलेले. ॲसिडच्या नळ्या जोडण्यात हयात गेलेली, त्यामुळे कुठला धातू कशानं सडतो हे त्यांना तोंडपाठ. “खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळे बघायचं नाही,” म्हणाले, आणि जाड स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांची चौकट करायला घेतली.

चौकट झाल्यावर सूनबाई म्हणाली, “काका, रिकामी नको तपासायला. माझा कुकर ठेवून बघू.” पाच लिटरचा कुकर, निम्मा पाण्यानं भरलेला. दोन स्टुलांच्या मध्ये चौकट टांगली, कुकर ठेवला, आणि तिनं हलकेच ढकललं. शेगडी झुलली, थांबली… आणि सावकाश कलंडली! पाणी अंगणभर. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. साहेबी होडीत किटली आणि तवा ठेवायचा हिशेब. आपला कुकर पाच किलोचा आणि उंच. वजन खुंट्यांच्या वर गेलं की पाळणा उलटा होणारच. काकांनी जास्त बोलणं केलं नाही. खुंट्या दोन बोटं वर घेतल्या, आणि शेगडीच्या तळाला रंग दिलेली लोखंडाची जाड पट्टी बसवली, सहा किलोची. पुन्हा कुकर, पुन्हा पाणी, पुन्हा ढकलणं. आमच्या शेजारणी कठड्यावरून बघत होत्या. या खेपेला शेगडी झुलली, आणि झुलत झुलत जागेवर येऊन थांबली. एका आजींनी विचारलं, “ह्यावर फोडणी घालता येईल का गं?” सूनबाई म्हणाली, “आजी, समुद्रात फोडणी नकोच.”

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. शेगडी फडक्यात गुंडाळलेली, चौकट आणि लोखंडी पट्टी निराळ्या पिशवीत. भाचा आणि फिटरकाका सामानाच्या डब्यात भाजीच्या टोपल्यांशेजारी उभे. मी आणि सूनबाई लेडीज डब्यात. आंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे साठ किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. कल्याणला गर्दी चढली, ठाण्याला निम्मी उतरली. मटार सोलणाऱ्या एकीनं विचारलं, कुठे निघालात? सूनबाई म्हणाली, होडीत शेगडी बसवायला. तिचा हात सोलता सोलता थांबला. कुर्ल्यापर्यंत आमच्या बाकावर दुसरा विषय नव्हता!

टर्मिनसहून टॅक्सी केली. गेट वेला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. फोटोवाले, फुगेवाले, घारापुरीच्या लाँचची तिकिटं ओरडणारे. आपण तिथे जातो, ताजमहाल हॉटेलकडे पाहतो, भेळ खातो आणि परततो. समोरच्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या लहानलहान होड्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. याच मुंबईत १९६० च्या दशकात सागवानी लाकडाची ‘सुहैली’ नावाची बत्तीस फुटी होडी आपल्या सुतारांनी बांधली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज १९६८ साली इंग्लंडहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ ला परतला. असा तो जगातला पहिला. आणि अगदी अलीकडे, १० सप्टेंबर २०१७ ला, ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या होडीतून नौदलाच्या सहा अधिकारी निघाल्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, एस. विजया देवी, बी. ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. सहाही बायका! २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला, पृथ्वीप्रदक्षिणा करून त्या गोव्याला परतल्या. हे मी सूनबाईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “त्यांची शेगडी कशी होती, ते कुणी लिहिलंय का मामी?”

लहान नावेतून होडीपर्यंत गेलो. लुगडं सावरत शिडीवर चढणं माझ्या वयाला सोपं नाही, म्हणून मी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता. आत उतरले. स्वयंपाकघर म्हणजे काय सांगू? दोन पावलं लांब, एक पाऊल रुंद. पण एक खोबण फुकट नाही. ताटांना कडा, बरण्यांना कप्पे, कपाटाला आपोआप न उघडणारी कडी. स्वयंपाक करणारीच्या कमरेमागून एक पट्टा, म्हणजे होडी कलली तरी ती ओट्यावर आदळत नाही. मला वाटलं, आमच्या दहा बाय आठच्या ओट्याची आखणी करायला असाच माणूस हवा होता.

जुना स्टोव्ह काढायला तासभर लागला. आधी टाकीतलं स्पिरिट डब्यात काढून घट्ट बंद केलं, पडदे उतरवले, मगच पाना लावला. स्टोव्हमागची लाकडी फळी काळी पडली होती. कुणाचा तरी, कधीचा तरी भडका. भाचा तिच्याकडे बघत राहिला, बोलला काही नाही. फळी काढून तिथे स्टीलचा पत्रा ठोकला. मागच्या सिलिंडरच्या पेटीचं काम त्यानं आधीच करून घेतलं होतं. त्यात पाच किलोचा लहान सिलिंडर ठेवला, नळी जोडली. प्रत्येक सांध्याला सूनबाईनं साबणाचं पाणी लावलं. फुगा येतो का बघायचं; काडी पेटवून कधी नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. घरातली नळीही अशीच तपासत जा. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची. नळी चांगली दिसते म्हणून ठेवायची नाही.

मग चहा. पातेल्याभोवती कडं आवळलं, ज्योत लावली, आणि तेवढ्यात घारापुरीची लाँच जवळून गेली. होडी अशी डुलली की मी पट्ट्याला धरून डोळे मिटले. उघडून बघते तर ओटा तिरका, भिंत तिरकी, माझे पाय तिरके, आणि चहा मात्र पातेल्यात सरळ! फिटरकाका खाली बसून आपल्या खुंट्यांकडे बघत होते. बंद कारखान्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी त्यांनी केलेली वस्तू समुद्रात चालत होती. त्यांनी चहाला साखर कमी आहे असं म्हटलं.

खिचडी कुकरमध्ये केली. होडीसाठी कुकरसारखं भांडं नाही. झाकण पक्कं, सांडायची भीती नाही. मात्र निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, आणि वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात नाही. सूनबाईनं होडीसाठी आपले नियम केलेत. रवा घरून भाजून न्यायचा, भाज्या घरून चिरून, तळण नाही. स्वयंपाक करताना ओढणी नाही. जाड, पाणी न शिरणारा एप्रन, पायात बंद चपला. छताची झडप उघडी ठेवायची, कारण कुठल्याही ज्योतीला हवा लागते आणि बंद खोलीत विषारी वायू साठतो. झालं की आधी सिलिंडरची चावी बंद, मग नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग शेगडीची चावी. हे शेवटचं काम कुणी करायचं? जो कुणी होडीवर असेल त्यानं, बाई असो की बुवा. नियम कागदावर लिहून तिनं शेगडीसमोर चिकटवलाय. फेब्रुवारीत मुलांना घेऊन ते मांडव्याला गेले, रात्र होडीतच काढली.

जुना स्टोव्ह आम्ही परत आंबिवलीला आणला. होडीवाल्या एका मित्राला तो हवा होता, “चालतोय की अजून,” म्हणाला. सूनबाईनं दिला नाही. मोहन्याच्या भंगारवाल्यानं पितळेचा भाव केला, पण त्याच्याकडे न्यायच्या आधी फिटरकाकांनी टाकी पाण्यानं दोनदा विसळली, आणि तिला खिळ्यानं तीन भोकं पाडली.